डोके हलत असताना मेंदूचा एमआरआय: हालचालीचा मागोवा घेण्याची सोय कितपत उपयोगी?

प्रश्न: वडगावचा माग

नमस्कार. आम्ही बेळगावातील वडगावचे. आप्पांचे वय ७४ असून त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागावर साड्या विणण्यात गेले. गेली सहा-सात वर्षे त्यांची मान सतत बारीक हलते. अलीकडे चालताना तोल जाणे आणि विसर पडणे या तक्रारींचीही भर पडल्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूचा एमआरआय करून आणण्यास सांगितले. एका केंद्रात (नाव मुद्दाम लिहीत नाही) सुमारे पस्तीस मिनिटे तपासणी चालली. यंत्राच्या खडखडाटाचा आप्पांना काहीच त्रास झाला नाही. ‘आपल्या शेडमध्ये याच्या दुप्पट आवाज असायचा,’ असे ते बाहेर येऊन म्हणाले. मात्र फिल्मवर कवटीच्या कडेच्या तीन-चार फिकट सावल्या एकामागे एक उमटल्या आहेत, आणि रुग्णाच्या हालचालीमुळे प्रतिमा पुसट आल्याने मेंदू आकसला आहे की नाही याबद्दल निश्चित मत देता येत नाही, असे अहवालात लिहिले आहे. आता भूल देऊन तपासणी पुन्हा करावी आणि तिचे पैसे पुन्हा भरावेत, असे केंद्राचे म्हणणे आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली अशी की, हात थरथरला तरी साध्या मोबाईलमध्ये फोटो स्थिर येतो. मग एवढ्या महागड्या यंत्राला डोक्याची हालचाल ओळखून ती वजा का करता येत नाही? तशी यंत्रणा असते असे मी ऐकले आहे, पण ती नेमकी काय करते हे सांगणारे कोणी भेटले नाही. दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातून सुचलेली आहे. मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, एखादा धागा चुकला, तर दोष त्या एका ओळीत दिसतो, सबंध साडी फुकट जात नाही. आप्पा पस्तीस मिनिटांत फार तर चार-पाच वेळा ठळकपणे हलले असतील. मग सगळ्याच प्रतिमा कशा बिघडल्या? भुलीबद्दलही धास्ती वाटते. त्यासाठी कोल्हापूर किंवा मिरज गाठावे का, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

उत्तर: कॉइलवाला, निपाणी

मी बारा वर्षे एमआरआय विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. साडीची उपमा आपण चांगली दिलीत, कारण फरक नेमका तिथेच आहे. एमआरआयचे यंत्र प्रतिमा विणत नाही. ते प्रतिमेत उजेड-अंधाराची कोणत्या वारंवारतेची, म्हणजे किती दाट, लाट किती आहे, याची नोंद एकेक ओळ करून भरत जाते. या नोंदवहीला आम्ही के-स्पेस म्हणतो. तिच्या प्रत्येक ओळीत डोक्याच्या सगळ्या भागांची माहिती एकत्र मिसळलेली असते, आणि सर्व ओळी भरल्यानंतरच गणिताने तिची प्रतिमा होते. म्हणून नोंदवहीतली एक ओळ चुकली, तर तिचा दोष प्रतिमेच्या एका ओळीत न राहता सबंध प्रतिमेवर पसरतो. एका बाण्याची चूक साडीभर फिकट उमटावी, तसाच हा प्रकार समजा. त्यातही नोंदवहीच्या मधल्या ओळी प्रतिमेचा ढोबळ उजेड-अंधार ठरवतात आणि कडेच्या ओळी बारकावे देतात. रुग्णाने मधल्या ओळी भरल्या जात असताना आवंढा गिळला, तर नुकसान जास्त होते. कडेच्या ओळींच्या वेळी गिळला, तर पुष्कळदा निभावते.

आपल्या फिल्मवरच्या सावल्यांचे कारणही यातच आहे. एक ओळ वाचायला काही मिलिसेकंद पुरतात, पण एका ओळीनंतर दुसरी ओळ घेईपर्यंत पारंपरिक पद्धतीत अर्धा सेकंद, कधी कित्येक सेकंद जातात. ओळीच्या आत डोके जवळजवळ स्थिर असते, ओळींच्या मधल्या काळात ते सरकते. त्यामुळे सावल्या सगळीकडे न पसरता एकाच दिशेला रांगेने पडतात. ही दिशा तंत्रज्ञाला बदलता येते, आणि एखादी सावली नेमक्या शंकेच्या जागेवर पडत असेल तर आम्ही ती बदलतोही; पण त्यामुळे सावली नाहीशी होत नाही, फक्त दुसरीकडे जाते.

मोबाईलशी तुलना मात्र लागू पडत नाही. मोबाईलचा फोटो सेकंदाच्या लहानशा अंशात निघतो. आमची एकेक सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिमा घेण्याची एक फेरी, दोन ते पाच मिनिटे चालते आणि मेंदूच्या तपासणीत अशा पाच-सहा सिक्वेन्स असतात. डिफ्युजन नावाची सिक्वेन्स तेवढी निराळी आहे: तिच्यात मेंदूचा एक काप एका झटक्यात, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात टिपला जातो, आणि म्हणूनच खूप हलणाऱ्या रुग्णातही ताजा पक्षाघात आहे की नाही, हे बहुधा सांगता येते. आपल्या फिल्ममध्ये तेवढा भाग चांगला आला असण्याची शक्यता आहे. रेडिओलॉजिस्टना विचारून पाहा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे, असेही नाही. अमेरिकेतील एका रुग्णालयातील तपासण्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९.८ टक्के एमआरआयमध्ये हालचालीमुळे कोणती ना कोणती सिक्वेन्स पुन्हा घ्यावी लागली होती.

आता एक प्रश्न विचारतो, कारण पुढचा सल्ला त्यावर अवलंबून आहे. आप्पांची मान ‘हो’ म्हटल्यासारखी वरखाली हलते, की ‘नाही’ म्हटल्यासारखी डावी-उजवीकडे?

वडगावचा माग

‘नाही’ म्हटल्यासारखी. घरात त्यावरून चेष्टाही होते. चहा विचारला तरी मान नकारच देते, आणि चहा मात्र ते घेतात.

उत्तर: कॉइलवाला, निपाणी

मग एक उपाय आपल्या आवाक्यातला आहे. नोंदवही सरळ ओळींनी न भरता मधून जाणाऱ्या पट्ट्यांनी, पंख्याची पाती फिरवावीत तशी कोन बदलत भरण्याची एक पद्धत आहे. जेम्स पाइप यांनी १९९९ मध्ये ती ‘प्रोपेलर’ या नावाने मांडली. आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर ती ‘प्रोपेलर’, ‘ब्लेड’, ‘मल्टिवेन’ अशा नावांनी असते. प्रत्येक पाते मध्यबिंदूवरून जात असल्याने मधला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो. दोन पात्यांच्या मधल्या भागांची तुलना करून डोके दरम्यान किती वळले आणि किती सरकले हे यंत्र ओळखते, तेवढे पाते उलट फिरवून बसवते, आणि फारच बिघडलेल्या पात्याला कमी वजन देते. वेगळा कॅमेरा नाही, डोक्याला काही चिकटवणे नाही. मागोवा त्या मोजणीतच दडलेला असतो.

मर्यादा एवढीच की ही दुरुस्ती कापाच्या पातळीतल्या हालचालीपुरती चालते. आडव्या कापांत ‘नाही’ची हालचाल कापाच्या पातळीतच होते, म्हणून ती सुधारता येते. ‘हो’ची हालचाल झाली की मेंदूचा भाग त्या कापातून बाहेरच निघून जातो आणि गणित लंगडे पडते. म्हणून प्रश्न विचारला होता. पुन्हा तपासणीला जाण्याआधी केंद्राला फोन करा आणि टी-टू व फ्लेअर या दोन सिक्वेन्स या पद्धतीने घेता येतील का, असे स्पष्ट विचारा. पुष्कळ यंत्रांवर ही सोय असते, पण वेळ थोडा जास्त लागतो म्हणून गर्दीच्या दिवशी ती वापरली जात नाही. आमच्या धंद्यातली ही उणीव मी मान्य करतो.

उत्तर: खानापूरची भौतिकी

मी मूळची खानापूर तालुक्यातील असून सध्या एमआरआयच्या भौतिकीवर संशोधन करते. वरील स्पष्टीकरणाला पुस्ती जोडते, कारण मूळ प्रश्न मागोव्याच्या यंत्रणेबद्दल होता आणि तो अर्धाच राहिला आहे.

कवटी कठीण असल्यामुळे डोक्याची कोणतीही हालचाल सहा आकड्यांत सांगता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती वळणे. छाती किंवा पोटाच्या तपासणीत ही सवलत मिळत नाही, कारण तिथले अवयव आकारही बदलतात. हे सहा आकडे वेळोवेळी कळले, तर त्यांचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. तपासणी संपल्यावर नोंदवही दुरुस्त करणे ही पहिली तऱ्हा. डोके सरकले असेल, तर दुरुस्ती सोपी असते, कारण सरकण्याने लाटांची उंची बदलत नाही, फक्त त्यांची कला (फेज), म्हणजे लाट किती पुढे-मागे आहे ते, बदलते, आणि तो फरक वजा करता येतो. डोके वळले असेल, तर नोंदवहीतल्या ओळीही तेवढ्याच कोनात वळतात. त्या योग्य जागी बसवल्या की काही जागा रिकाम्या राहतात, काहींवर गर्दी होते. म्हणून दुसरी तऱ्हा अधिक चांगली मानली जाते: तपासणी चालू असतानाच यंत्राने आपला काप डोक्याबरोबर फिरवायचा. यंत्राचा एकही भाग त्यासाठी हलत नाही. चुंबकीय उताराची, म्हणजे क्षेत्र ज्या बाजूने कमी-जास्त होत जाते तिची, दिशा आणि रेडिओलहरींची वारंवारता तेवढी बदलली की काप फिरतो.

आकडे मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. एका मार्गात मुख्य सिक्वेन्सच्या मधल्या रिकाम्या वेळात डोक्याची एक छोटी, भरड प्रतिमा घेतली जाते आणि आधीच्या प्रतिमेशी ताडून पाहिली जाते. तिला नॅव्हिगेटर म्हणतात, आणि तिला जादा उपकरण लागत नाही. दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा आहे. बोगद्यात बसवलेला, चुंबकाला न खेचला जाणारा आणि रेडिओ-गोंगाट न करणारा कॅमेरा रुग्णाला लावलेल्या लहानशा खुणेकडे पाहत राहतो. खुणेवर बारीक रेघांचे दोन थर असतात. एकावर एक दोन झिरझिरीत पदर ठेवून हलवले की लाटांसारखी नक्षी सरकताना दिसते, हे आपण वडगावात पाहिलेच असेल; त्याच नक्षीवरून अतिसूक्ष्म वळणही मोजले जाते. अशी यंत्रणा सेकंदाला ८० वेळा डोक्याची जागा सांगू शकते.

गोची आहे ती खूण कुठे लावायची याची. कपाळावर लावली, तर भुवई उडवली की कातडी सरकते आणि डोके हलले असे यंत्राला वाटते. मग यंत्र स्थिर मेंदूवर चुकीची दुरुस्ती करते आणि चांगली प्रतिमा बिघडवते. वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला असल्याने संशोधनात ही खूण वरच्या दातांवर साच्याने बसवतात. आप्पांना कवळी असेल, तर हा मार्ग मिटलाच. खूण न लावता अवरक्त प्रकाशाची नक्षी चेहऱ्यावर टाकून चेहऱ्याच्या पृष्ठभागाचा मागोवा घेणारी यंत्रणा डेन्मार्कमधील संशोधकांनी विकसित केली. तिची सुरुवात मेंदूच्या पेट स्कॅनसाठी झाली होती, कारण ती तपासणी आणखी लांबते आणि तिथेही डोके सरकल्यास किरणोत्सारी द्रव्याचा ठिपका पुसट होतो.

यावरून कॅमेरा बसवला की प्रश्न संपला, असे समजू नये. डोके कलले की मेंदूच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्रही थोडे विस्कटते, आणि स्थितीचे सहा आकडे अचूक असले तरी ती विस्कट त्यांत मावत नाही. कॅमेऱ्याचे माप आणि यंत्राचे माप एकमेकांशी काटेकोर जुळवावे लागते, ते निराळेच. माझ्या मते आप्पांसाठी अशा यंत्रणेच्या शोधात बेंगळूरपर्यंत धावण्याचे कारण नाही. ती प्रामुख्याने संशोधनात वापरली जाते. निपाणीच्या दादांनी सांगितलेला पात्यांचा उपाय आधी करून पाहावा. थोडे अवांतर: पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेली एमआरआयची पहिली प्रतिमा निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या मोजण्यांवरूनच बनवली होती. सरळ ओळी नंतर आल्या, आणि हलणाऱ्या रुग्णांनी आम्हांला पुन्हा कोनांकडे वळवले.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. दिसणारी पुसट प्रतिमा तितकी धोक्याची नसते, कारण रेडिओलॉजिस्ट ती ओळखतात. धोका असतो तो ठीकठाक दिसणाऱ्या, पण किंचित हललेल्या प्रतिमेचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, निरोगी माणसांना तपासणीच्या वेळी मुद्दाम डोके हलवायला सांगितले असता, मेंदूच्या करड्या भागाचे मोजलेले आकारमान हालचालीच्या प्रमाणात घटत गेले. दर मिनिटाला सरासरी एक मिलिमीटर हालचालीमागे ही घट सुमारे ०.७ टक्के होती. मेंदू तोच होता, फक्त डोके हलत होते. वयस्क आणि आजारी माणसे जास्त हलतात, म्हणजे आकसणे मोजताना चूक नेमकी त्यांच्याच बाबतीत आणि एकाच दिशेने होते. मेंदूच्या कामकाजाच्या एमआरआयमध्येही २०१२ साली अमेरिकेतील तीन गटांनी असेच दाखवले: मेंदूच्या दूरच्या भागांतील जोडणी लहान मुलांत कमकुवत दिसते, या निष्कर्षाचा काही हिस्सा मुलांच्या चुळबुळीतून आलेला होता. तेव्हा आप्पांच्या अहवालात ‘निश्चित मत देता येत नाही’ असे लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टनी आपले काम चोख केले आहे, असेच मी म्हणेन.

उत्तर: भूलतज्ज्ञ, संकेश्वर

आप्पांना न तपासता त्यांच्याविषयी निर्णय देणे योग्य होणार नाही. सर्वसाधारण माहिती तेवढी देतो. ‘थोडेसे झोपेचे औषध’ हा मार्ग वाटतो तितका साधा नाही. अर्धवट गुंगीत ज्येष्ठ माणूस घोरू लागतो, श्वासमार्ग अडतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर हनुवटी उचलली जाते. म्हणजे ज्या कारणासाठी औषध दिले, तेच पुन्हा होते. काहींना गुंगीने उलट भ्रम होतो आणि ते उठून बसू पाहतात. पूर्ण भूल दिल्यास डोके स्थिर राहते, पण त्या खोलीत साधा ऑक्सिजन सिलिंडर किंवा साधा मॉनिटर नेता येत नाही, सर्व साहित्य एमआरआयला चालणारे लागते. विसर पडू लागलेल्या वृद्धात भुलीनंतर काही दिवस गोंधळलेपण राहू शकते. म्हणून भूल हा शेवटचा मार्ग ठेवावा, आणि ती घ्यायचीच झाल्यास पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ हजर राहणार आहेत का, हे विचारून घ्यावे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. मानेच्या कंपाचे प्रकार असतात. एसेन्शियल ट्रेमर या प्रकारात बसल्यावर हलणारी मान, उताणे झोपून डोक्याला आधार मिळाला की बहुधा थांबते. स्नायूंच्या ताठरपणातून येणारा कंप मात्र झोपल्यावरही राहू शकतो. आप्पांना घरी सतरंजीवर उताणे झोपवून दहा मिनिटे शांतपणे पाहा. जे दिसेल ते मेंदूविकारतज्ज्ञांनाही सांगा, कारण निदानासाठीही ते उपयोगी आहे. कंपाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद किंवा पुढेमागे करू नका. तपासणीची वेळ गोळीचा अंमल चांगला असताना घेता येईल का, हे त्यांनाच विचारा.

उत्तर: चिकोडीची आई

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा एमआरआय भूल न देता झाला, त्याचा अनुभव लिहिते. आठवडाभर आम्ही तिला जेवणाच्या टेबलाखाली झोपवून, मोबाईलवर त्या यंत्राचा आवाज लावून ‘पुतळा’ खेळलो. कपाळावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. डोके हलले की पट्टीला ओढ बसते आणि आपण हललो हे तिला स्वतःलाच कळते. ही युक्ती एका परिचारिकाताईंनी सांगितली आणि ती तपासणीतही वापरू दिली.

त्याआधी माझ्या सासूबाईंच्या तपासणीत मात्र फजिती झाली होती. त्यांना कन्नड कळत नाही. आतून स्पीकरवर ‘अलुगाडबेडी’ असे वारंवार सांगितले जात होते, म्हणजे हलू नका. आणि प्रत्येक वेळी कोण काय म्हणते आहे हे ऐकण्यासाठी त्या मान उचलत होत्या. दुसऱ्या वेळी मीच तंत्रज्ञांना विनंती केली की सगळ्या सूचना आधी मराठीत द्याव्यात आणि आत गेल्यावर शक्य तितके कमी बोलावे. त्यांनी ते आनंदाने ऐकले.

उत्तर: कॉइलवाला, निपाणी

ताईंनी वर्मावर बोट ठेवले. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षे मध्येच स्पीकरवरून ‘आजोबा, बरं वाटतंय ना?’ असे विचारत असे, आणि आजोबा उत्तरादाखल मान डोलावत असत. त्यानंतरची सिक्वेन्स मी पुन्हा घ्यायचो आणि दोष आजोबांना द्यायचो. आता प्रश्न विचारत नाही. फक्त ‘पुढचे चार मिनिटे’ असे सांगतो, आणि अडचण असेल तर हातातला रबरी फुगा दाबण्यास आधीच बजावून ठेवतो.

वडगावचा माग

सर्वांचे आभार. काल रात्री आप्पांना सतरंजीवर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घडी घातलेले टॉवेल लावून झोपवले. मी आणि धाकटा भाऊ घड्याळ लावून बसलो होतो. मानेचा कंप दोन-तीन मिनिटांत जवळजवळ थांबला. त्यांची मान झोपल्यावर स्थिर राहते, हे इतक्या वर्षांत आमच्या लक्षातच आले नव्हते. पण दर दीड-दोन मिनिटांनी त्यांना खोकल्याची उबळ येते किंवा ते घसा साफ करून आवंढा गिळतात, आणि त्या वेळी हनुवटी चांगली बोटभर वर जाते. शिवाय सुरुवातीला छताकडे असलेले नाक दहाव्या मिनिटाला किंचित उजवीकडे कलले होते. त्यांना ते जाणवलेही नाही. माग चालवणाऱ्या पुष्कळांना असतो तसा त्यांना कोरडा खोकला जुनाच आहे. वरच्या दातांची कवळी आहे, तपासणीत ती काढून ठेवली होती.

म्हणजे आम्ही ज्या कंपाला दोष देत होतो, तो कदाचित यात नसावाच. खोकल्याची हालचाल तर ‘हो’च्या दिशेची झाली, मग पात्यांची पद्धत इथे निकामी ठरेल का?

उत्तर: कॉइलवाला, निपाणी

पूर्ण निकामी ठरणार नाही. खोकला हा क्षणभराचा धक्का असतो. डोके पुन्हा जवळपास मूळ जागी आले, तर त्या एक-दोन पात्यांना यंत्र कमी वजन देईल आणि बाकीची पाती वापरेल. हळूहळू उजवीकडे कलणे हे तर ‘नाही’च्या दिशेचेच आहे, ते सुधारले जाईल. दहा मिनिटांत मानेचे स्नायू सैल पडतात आणि डोके उशीत रुतते. असे जवळजवळ प्रत्येकाचे होते. ते टाळण्यासाठी कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवती बसवतात त्या पिंजऱ्यात, दोन्ही कानशिलांशी फोमच्या घड्या ठासून बसवायला सांगा आणि गुडघ्यांखाली उशी मागून घ्या, म्हणजे कंबर अवघडून चुळबुळ होत नाही.

खोकल्यासाठी आधी डॉक्टरांकडून औषध घ्या, आणि तपासणीच्या दिवशी तंत्रज्ञांना एवढेच सांगा की प्रत्येक सिक्वेन्सनंतर अर्धा मिनिट थांबून आप्पांना खोकू द्यावे, गिळू द्यावे. सर्वांत महत्त्वाची सिक्वेन्स कोणती, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून चिठ्ठीवर लिहून आणा आणि ती पहिल्या दहा मिनिटांत घ्यायला लावा. आकसण्याचा प्रश्न असल्याने ती बहुधा त्रिमितीय टी-वन असेल, आणि तिला पात्यांचा आधार नसतो. ती बिघडली तर तिथेच, रुग्ण टेबलावर असतानाच पुन्हा घ्यावी. घरी गेल्यावर नव्हे. पैशांबाबत मी निर्णय देऊ शकत नाही, पण फक्त दोन-तीन सिक्वेन्स पुन्हा हव्या आहेत, पूर्ण तपासणी नको, असे लेखी विचारले तर केंद्रे बहुधा वेगळा दर लावतात. कोल्हापूर किंवा मिरजेला जाण्याआधी हा फोन करून पाहा.

वडगावचा माग

फोन केला. टी-टू आणि फ्लेअर पात्यांच्या पद्धतीने घेता येतील, टी-वन सुरुवातीला घेऊ, आणि तीन सिक्वेन्सचेच पैसे लागतील, असे ते म्हणाले. पुढच्या बुधवारी सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. भूल नाही. चिठ्ठी उद्या आणतो.